सोलापुरात मुलींच्या सत्काराचं साहित्य : टॉवेल पहिल्या नंबरचा, प्रमाणपत्राकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं

राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षं राबलेली विद्यार्थिनी, मतदार नोंदणीचे अर्ज घेऊन दारोदार फिरलेली, वस्तीत ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय लावणारी, आषाढीच्या दिवसांत पंढरपुरात स्वच्छतेच्या कामाला उभी राहिलेली. अशा मुलींचा सत्कार करणारी महाविद्यालयं, मंडळं, बचत गट सोलापुरात पुष्कळ आहेत. त्यासाठी लागणारं सगळं साहित्य शहरातच मिळतं, पुण्याला खेप घालावी लागत नाही. हे परीक्षण त्या साहित्याचं आणि ते करून देणाऱ्या सेवांचं आहे. प्रमाणपत्राची छपाई, स्मृतिचिन्ह, टॉवेल आणि चादर, फेटे, फ्लेक्स, सगळं यात आलं. कुठल्याही एका दुकानाचं नाव घेतलेलं नाही, कारण चांगलं-वाईट काम दुकानापेक्षा ऑर्डर देणाऱ्याने काय सांगितलं आणि काय तपासलं यावर जास्त ठरतं.

कसोटी एकच लावली आहे : कार्यक्रमाला वर्ष उलटल्यावर ती वस्तू त्या मुलीच्या काय कामाची? या कसोटीला सोलापुरी टॉवेल उत्तम उतरतो, स्मृतिचिन्ह बरं उतरतं, आणि सगळ्यात जास्त कामाचं असलेलं प्रमाणपत्र बहुतेक वेळा सगळ्यात हलगर्जीपणे केलेलं असतं. हिशेब 25 मुलींचा आणि माणशी 1000 रुपयांचा धरला आहे. त्यातले 400 रुपये नाव भरलेल्या टॉवेलला, 250 स्मृतिचिन्हाला, 150 प्रमाणपत्र आणि फोल्डरला, आणि उरलेले 200 फोटो व एखाद्या चांगल्या पुस्तकासाठी, अशी वाटणी आम्हाला योग्य वाटते. 600 रुपयांची ट्रॉफी आणि 20 रुपयांचं प्रमाणपत्र ही नेहमीची वाटणी उलटी आहे.

प्रमाणपत्राचा मजकूर

छपाईवाल्याकडे प्रमाणपत्राची तयार फाइल असते. सोनेरी किनार, कोपऱ्यात समई, मध्ये "सामाजिक कार्यातील उल्लेखनीय योगदानाबद्दल हे प्रमाणपत्र प्रदान करण्यात येत आहे" आणि खाली दोन सह्या. हीच फाइल रांगोळी स्पर्धेला, रक्तदान शिबिराला आणि निरोप समारंभालाही चालते. मुलीने नेमकं काय केलं, हे त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. पुढे शिष्यवृत्तीची मुलाखत असो, समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा प्रवेश असो की एखाद्या संस्थेतली नोकरी, समोरचा माणूस हेच विचारतो : काम काय होतं, किती दिवस, तुझ्याकडे जबाबदारी कोणती?

म्हणून मजकूर असा हवा : "जुलै ते सप्टेंबर या काळात चार वस्त्यांमध्ये मतदार नोंदणीचे नमुना 6 चे अर्ज भरून घेणाऱ्या 12 जणींच्या गटाचे नेतृत्व केले. गटाची विभागणी, रोजची नोंद आणि अर्जांची पडताळणी त्यांनी सांभाळली. एकूण 96 तास." तीन वाक्यांत काम, ठिकाण, काळ, गट, जबाबदारी आणि तास, सगळं आलं. नेतृत्वाबद्दल सत्कार करत असाल तर "नेतृत्व" हा शब्द वापरून भागत नाही. ती किती जणींना घेऊन काम करत होती आणि कोणते निर्णय तिने घेतले, हे लिहावं लागतं. मतदार नोंदणीच्या कामात पात्रतेच्या तारखा आता वर्षात चार आहेत : 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. वयाची 17 वर्षं पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. अर्ज कोणत्या तारखेसाठी भरून घेतले, हे एका ओळीत लिहिलं की जाणकार माणसाला लगेच कळतं की काम खरोखर झालेलं आहे.

तासांबाबत एक काळजी घ्यावी. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला 120 आणि दोन वर्षांत 240 तास, शिवाय 7 दिवसांचं विशेष शिबिर, असा हिशेब असतो आणि त्याचं प्रमाणपत्र वेगळं मिळतं. तुमच्या मंडळाच्या कामाचे तास त्यात मिसळून लिहू नयेत. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर आकडे जुळले नाहीत तर दोन्हींवरचा विश्वास जातो, आणि त्याचा भुर्दंड मुलीला बसतो. हजेरीची वही असेल तरच तास लिहावेत. नसेल तर महिने आणि दिवस लिहावेत, अंदाजाचा आकडा टाकू नये.

क्रीडा व युवक सेवा विभागाचा जिल्हा युवा पुरस्कार याच कागदांवर ठरतो. दर वर्षी एक युवक, एक युवती आणि एक संस्था यांना तो दिला जातो, व्यक्तीला रोख 10,000 रुपये, गौरवपत्र आणि सन्मानचिन्ह मिळतं, आणि वयाची अट 13 ते 35 आहे. अर्जासोबत कामाचे पुरावे जोडायचे असतात : कात्रणं, फोटो, प्रमाणपत्रं. "उल्लेखनीय योगदान" असं मोघम लिहिलेली दहा प्रमाणपत्रं जोडण्यापेक्षा कामाचा तपशील असलेली दोन जास्त वजनदार ठरतात. तुमच्या सत्कारातली एखादी मुलगी तीन वर्षांनी तिथे अर्ज करेल, हे डोक्यात ठेवून मजकूर लिहावा.

नावातल्या चुका

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्यामागचं कारण तांत्रिक आहे. तुम्ही व्हॉट्सॲपवर नावांची यादी पाठवता ती युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, असते. डीटीपी, म्हणजे छपाईसाठी संगणकावर मजकूर मांडायचं काम, करणाऱ्या बऱ्याच ठिकाणी अजून श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट आणि कोरलड्रॉची जुनी आवृत्ती चालते. यादी तिथे जशीच्या तशी चिकटवली की पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, रफार भलत्याच अक्षरावर चढतो, जोडाक्षरं सुटून मध्ये पाय मोडलेलं अक्षर दिसतं. मग ऑपरेटर सगळी नावं हाताने पुन्हा टाइप करतो. चुका त्या वेळी शिरतात.

"श्रद्धा"ची "श्रध्दा", "सिद्धी"ची "सिध्दी" होणं तर रोजचंच. "ऋतुजा"ची "रुतुजा" होते, "ऐश्वर्या"चा रफार उडतो. सोलापुरात याच्यावर आणखी एक थर चढतो. पूर्व भागातल्या तेलुगू घरांतली आडनावं, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडची कानडी आडनावं, आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतली नावं ऑपरेटरच्या कानाला अनोळखी असली की तो ती स्वतःच्या समजुतीने "दुरुस्त" करतो. बोल्लीचं बोली, हत्तुरेचं हातुरे, यन्नमचं यनम. एक द्वित्त गेलं की आडनाव बदललं. ज्या मुलीच्या घरात पहिल्यांदाच कुणाचा असा जाहीर सत्कार होतो आहे, तिच्या हातात दुसऱ्याच आडनावाचा कागद जाणं फार वाईट. ती मंचावर काही बोलत नाही, पण घरी गेल्यावर तो कागद कपाटाच्या तळाशी जातो.

उपाय असा. नाव प्रत्येक मुलीकडून तिच्या स्वतःच्या हाताने देवनागरीत भरून घ्यावं, बारावीच्या गुणपत्रिकेवर इंग्रजीत जसं आहे तसं इंग्रजीतही घ्यावं, आणि नावाचा क्रमही तिथलाच ठेवावा. आडनाव पुढे की मागे हा फरक छोटा दिसतो, पण पुढे कागदपत्रं तपासताना आडवा येतो. यादी छपाईवाल्याला व्हॉट्सॲपच्या मजकुरासोबत पीडीएफ म्हणूनही द्यावी, म्हणजे मूळ नाव कसं दिसायला हवं हे त्याला डोळ्यांनी पाहता येतं. छापण्याआधी सगळ्या 25 प्रमाणपत्रांची पीडीएफ मागवावी. एकच नमुना पाहून "बाकीचं तसंच करा" म्हणू नये. मग प्रत्येकीला तिचं पान पाठवून "बरोबर आहे" असं लेखी उत्तर घ्यावं. या सगळ्याला दोन दिवस जातात. हे दोन दिवस वेळापत्रकात नसले तर चूक ठरलेलीच.

"कु." आणि "सौ." दोन्ही गाळावेत. सत्कार कामाचा आहे, त्यात लग्न झालं की नाही याची नोंद कशाला? शिवाय पुढे लग्न झाल्यावर जुना कागद "कुमारी"चा आणि नवा "सौ."चा अशी अडचण उभी राहते. नुसतं पूर्ण नाव पुरतं.

त्याच अर्जात नावाच्या उच्चाराची पाच सेकंदांची ध्वनिफीत मागवावी. निवेदकाने ती आधी ऐकली की मंचावर नाव अडखळत नाही.

कागद, सही, शिक्का

आकार ए-4. ए-3 चं फ्रेम केलेलं प्रमाणपत्र फोटोत भारदस्त दिसतं, पण फाइलमध्ये मावत नाही, झेरॉक्सच्या काचेवर पूर्ण बसत नाही, आणि स्कॅन करायला वेगळं दुकान शोधावं लागतं. कागद 250 ते 300 जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन), चकाकी नसलेला. चकाकीच्या आर्ट कार्डवर शाईची सही पुसते आणि रबरी शिक्का पसरतो. सुंदर छापलेल्या कागदावर अध्यक्षांचा अंगठा फिरला की निळा फराटा उमटतो, तो कशानेही जात नाही.

लॅमिनेशन करू नये. त्यात सही-शिक्का खरा आहे का हे नीट दिसत नाही, उन्हाळ्यात पातळ लॅमिनेशन कडेने वळतं, आणि एकदा केलं की काढता येत नाही. त्याऐवजी पारदर्शक कप्प्याचा साधा ए-4 फोल्डर द्यावा. त्यात मागे आणखी चार-पाच कप्पे असले तर मुलगी इतर कागदही त्यातच ठेवते. फोल्डरवर मंडळाचं नाव मोठ्या अक्षरांत छापून घेण्याचा मोह आवरावा, मग ती तो मुलाखतीला नेऊ शकते.

जावक क्रमांक आणि तारीख प्रत्येक प्रमाणपत्रावर वेगळी हाताने किंवा छापून यायला हवी, आणि तीच नोंद मंडळाच्या जावक वहीत हवी. चार वर्षांनी कुणी खातरजमा करायला फोन केला तर वहीत सापडलं पाहिजे. आता बरेच जण क्यूआर कोड टाकतात. कल्पना चांगली, पण कोड सहसा कुणा कार्यकर्त्याच्या खासगी ड्राइव्हमधल्या फाइलकडे जातो आणि वर्षभरात ती फाइल उघडायला परवानगी मागू लागते. कोड टाकायचाच तर संस्थेच्या स्वतःच्या खात्यातून, किमान 2 सेंटिमीटर बाजूचा, आणि छापील प्रतीवरून दोन वेगळ्या फोनवर तपासून.

स्कॅन केलेली प्रत मुलींना तुम्हीच पाठवावी, दोन आकारांत : एक मूळ, एक 200 केबीच्या आतली. सरकारी संकेतस्थळांवर कागद चढवताना फाइलच्या आकाराची मर्यादा असते, आणि फोनवरून फाइल लहान करताना मुली बऱ्याचदा अक्षरं वाचता येणार नाहीत इतकी लहान करून बसतात.

स्मृतिचिन्ह

तयार करंडक घेऊ नये. त्यावरची मूर्ती बहुधा धावणाऱ्या पुरुषाची असते नाहीतर पंख पसरलेल्या परीची, आणि मतदार नोंदणी करणाऱ्या मुलीशी दोन्हींचा संबंध नाही. सोनेरी मुलामाही वर्ष-दोन वर्षांत काळवंडतो. 14 इंची ट्रॉफी एका खोलीच्या घरात ठेवायची कुठे, हाही प्रश्न आहेच. ती कपाटावर जाते आणि तिथेच राहते.

सोलापुरात ॲक्रिलिकवर लेझरने कोरून देणारी कामं व्यवस्थित होतात. 6 इंच बाय 4 इंचाची, 8 मिलिमीटर जाडीची पट्टी आणि खाली खाच पाडलेली लाकडी बैठक, हा आम्हाला सगळ्यात पटलेला नमुना. कारणं साधी आहेत. पट्टी खाचेत बसते, डिंकाची गरज पडत नाही. पोहोचवताना एखादी तडकली तर फक्त पट्टी बदलावी लागते. ॲक्रिलिकचे तुकडे डिंकाने जोडून केलेल्या नमुन्यांत सांधा हीच कमकुवत जागा. त्यातही झटपट चिकटणारा डिंक वापरला तर सांध्याभोवती पांढरी वाफ धरल्यासारखा डाग येतो आणि तो पुसला जात नाही. ॲक्रिलिकचं काम मुरलेले लोक क्लोरोफॉर्मने जोडतात, तो सांधा स्वच्छ राहतो. ऑर्डर देताना हे विचारावं. उत्तर ऐकूनच कारागीर किती मुरलेला आहे ते कळतं.

कोरीव काम मागच्या बाजूने, म्हणजे उलटं करून घ्यावं. समोरची बाजू गुळगुळीत राहते, खाचांत धूळ बसत नाही, आणि अक्षरं आतून उमटल्यासारखी दिसतात. फाइल उलटी करायला विसरलं तर सगळा माल वाया जातो, म्हणून पहिला एक नग करून, हातात घेऊन, वाचून, मग उरलेले 24 करायला सांगावेत. देवनागरी अक्षराची उंची 4 मिलिमीटरपेक्षा कमी नको. त्याहून लहान अक्षरांत अनुस्वार आणि मात्रा एकमेकांत मिसळतात. चिकटवलेला रंगीत स्टिकर नको. सोलापूरच्या मे महिन्यात त्याचे कोपरे सुटायला वेळ लागत नाही.

एक गोष्ट आयोजकांकडूनच बिघडते. ॲक्रिलिकवरचा संरक्षक कागद आदल्या रात्री काढतात आणि बोटांचे ठसे घालवायला सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावलेल्या फडक्याने पुसतात. लेझरने कापलेल्या कडांमध्ये ताण राहिलेला असतो, त्यावर अल्कोहोल लागलं की बारीक भेगांचं जाळं उठतं. सकाळपर्यंत कडा दूधाळ दिसू लागतात. मऊ सुती कापड आणि साधं पाणी, बस.

मजकुरात मुलीचं नाव सगळ्यात मोठं असावं. पाहुण्यांचं नाव स्मृतिचिन्हावर नकोच.

टॉवेल आणि चादर

इथे सोलापूरला तोड नाही. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमाग कारखान्यांची विक्री केंद्रं आहेत, शहरात चाटी गल्लीतही माल मिळतो. तरी "सोलापुरी" म्हणून बाहेरून आलेला, सिंथेटिक धागा मिसळलेला माल बाजारात असतोच. ओळखण्याची पद्धत घरगुती आहे. कडेचा एक धागा ओढून काडीने पेटवावा. सुती धागा कागद जळल्याच्या वासाने जळतो आणि मऊ राख राहते. पॉलिस्टर आकसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी बनतो. विक्रेत्याला आधी विचारून, त्याच्यासमोर करावं, खरा माल विकणाऱ्याची हरकत नसते.

मुलींसाठी चादरीपेक्षा टॉवेल बरा. चादर हे सोलापूरच्या सत्काराचं मानाचं वस्त्र आहे, जकार्ड मागावरची दोन्ही बाजूंनी वापरता येणारी चादर पाहुण्यांना जरूर द्यावी. पण बार्शी, मोहोळ, मंगळवेढ्याहून आलेल्या मुलीला ट्रॉफी, फोल्डर आणि चादरीचं ओझं घेऊन एसटी गाठायची असते. टॉवेल पिशवीत मावतो आणि वसतिगृहात रोज लागतो.

वजन तपासूनच घ्यावा. 30 बाय 60 इंची टॉवेलचं क्षेत्रफळ साधारण 1.16 चौरस मीटर भरतं. तो 500 ग्रॅम भरला तर जीएसएम 430 च्या आसपास येतो. हे वजन आम्हाला योग्य वाटतं. 400 ग्रॅमचा टॉवेल विरळ लागतो. 700 ग्रॅमचा हातात भरगच्च लागतो, पण वसतिगृहाच्या दोरीवर पावसाळ्यात दोन दिवस ओला राहतो आणि कुबट वास धरतो. दुकानात वजनकाटा मागावा, वेगवेगळ्या गठ्ठ्यांतले चार टॉवेल एकेक करून तोलावेत. रंगासाठी ओला पांढरा रुमाल गडद किनारीवर दहा वेळा घासून बघावा. माल डझनावर मिळतो, म्हणून 25 मुलींना अडीच डझन घ्यावेत. उरलेले पाच स्वयंसेवकांना उपयोगी पडतात.

टॉवेलवर नाव भरून घेण्याची सेवा शहरात कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीवाल्यांकडे मिळते, आणि ही आमची सगळ्यात आवडती गोष्ट. सात दिवसांच्या शिबिरात पन्नास मुलींचे सारखे टॉवेल एका दोरीवर वाळतात, तिथे नावाची किंमत कळते. अडचण अशी की टेरीच्या फासांमध्ये टाके बुडतात. नाव टॉवेलच्या टोकाकडच्या सपाट पट्ट्यावरच भरून घ्यावं. पट्टा नसेल तर भरताना वरून पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म ठेवायला सांगावं, म्हणजे फास दबून राहतात. अक्षराची उंची 12 मिलिमीटर तरी हवी, त्याखाली "श्र" आणि "द्ध" यांच्या पोकळ्या दोऱ्याने भरून जातात. फक्त पहिलं नाव घ्यावं. धागा किनारीच्या रंगापेक्षा उठून दिसणारा. मागचं अस्तर कात्रीने जवळ कापलेलं आहे का ते बघावं, नाहीतर चेहऱ्याला टोचतं. सोबत चिठ्ठी असावी : पहिली धुलाई थंड पाण्यात, वेगळी, आणि सॉफ्टनर न घालता, कारण सॉफ्टनरने टॉवेल पाणी शोषायचं कमी करतो.

फेटे, हार, फ्लेक्स

फेट्यांची सेवा चांगली मिळते, पण वेळ धरला जात नाही. एका फेट्याला तीन मिनिटं धरली तरी 25 मुलींना सव्वा तास लागतो. दोन बांधणारे बोलवावेत किंवा फेटा सोडून द्यावा. हिजाब घालणाऱ्या मुलींना आणि ज्यांना नको आहे त्यांना अर्जातच पर्याय द्यावा, मंचावर जाताना तोंडावर विचारू नये. हळदी-कुंकवाचंही तसंच. आणि पाहुणे पुरुष असतील तर वस्त्र मुलीच्या हातात द्यावं, खांद्यावर घालू नये. हे पाहुण्यांना आधी सांगितलं की त्यांनाही अवघडल्यासारखं होत नाही.

हार-गुच्छ एकच, प्रमुख पाहुण्यांना. मुलींना फुलांऐवजी पुस्तक.

फ्लेक्सवर नेत्यांचे आणि अध्यक्षांचे फोटो, खाली बारीक अक्षरांत "गुणवंत मुलींचा सत्कार" असा मजकूर आणि मुलींची नावं कुठेच नाहीत, असे फलक शहरात दर आठ मार्चला दिसतात. याचा आम्हाला मनापासून राग येतो. 10 बाय 8 फुटांच्या फलकात 25 नावं आरामात बसतात, ती टाकावीत. मुलींचे मोबाइल नंबर, वॉर्ड किंवा गल्ली मात्र फलकावर, पत्रिकेत, समाजमाध्यमांवर कुठेही देऊ नयेत. नंतर त्रासाचे फोन तिलाच येतात. 18 वर्षांखालच्या मुलींचा फोटो छापायचा असेल तर पालकांची लेखी संमती घ्यावी. फलक रस्त्यावर लावायचा तर महापालिकेची परवानगी लागते. सभागृहातला फलक कापडी करून त्यावर साल न टाकलं तर तो दर वर्षी वापरता येतो.

तारीख आणि माल ताब्यात घेणं

8 मार्चच्या आधीचे दहा दिवस ॲक्रिलिक आणि छपाईवाल्यांकडे श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि घाईतल्या कामात वरच्या सगळ्या चुका एकदम होतात. 3 जानेवारी, सावित्रीबाई फुले यांची जयंती, हा दिवस सगळ्या दृष्टीने सोयीचा. 12 जानेवारीला जिजाऊ जयंती आणि राष्ट्रीय युवा दिन तर आहेच, शिवाय 1931 साली याच दिवशी सोलापूरच्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चार हुतात्म्यांना फाशी झाली. सोलापूरकराच्या मनात या दिवसाला जागा आहे, सत्कार हुतात्मा स्मृती मंदिरात झाला तर अर्थ आणखी खोल जातो. पण लगेच पाठोपाठ सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा येते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे मध्य शहरातले रस्ते वळवलेले असतात आणि दुकानदारही यात्रेत असतात. 12 तारीख धरली तर माल 8 जानेवारीपर्यंत हातात हवा. 31 मे, अहिल्यादेवींची जयंती, ऊन आणि सुट्टी या दोन कारणांनी विद्यार्थिनींसाठी गैरसोयीची. 24 सप्टेंबर, राष्ट्रीय सेवा योजना दिन, महाविद्यालयं चालू असताना येतो, मुली जागेवर असतात.

नावं 21 दिवस आधी मागवावीत, 14 दिवस आधी गोठवावीत, ऑर्डर 12 दिवस आधी जावी. आगाऊ रक्कम अर्ध्याहून जास्त देऊ नये, बाकी रक्कम माल तपासल्यावर. संस्थेच्या लेखापरीक्षणासाठी पक्कं बिल आधीच बोलून ठेवावं, नंतर मागितलं की दर बदलतो. माल खोक्यात बंद घेऊन जाऊ नये. दुकानाच्या काउंटरवरच यादी हातात धरून एकेक स्मृतिचिन्ह, एकेक टॉवेल, एकेक प्रमाणपत्र नावाने टिपून घ्यावं, आणि तिन्ही वस्तू एका मुलीच्या नावाच्या एका पिशवीत तिथेच भराव्यात. 25 पिशव्यांना तासभर लागतो. शेवटी प्रमाणपत्राची संपादन करता येईल अशी मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी आणि त्याच कागदावर नाव कोरं ठेवलेली तीन प्रमाणपत्रं जास्तीची छापून घ्यावीत. आदल्या संध्याकाळी एखाद्या आईचा फोन येतोच की नावात एक अक्षर चुकलं आहे, तेव्हा सुवाच्य अक्षराच्या माणसाकडून काळ्या शाईने भरलेलं ते कोरं प्रमाणपत्र सकाळी मंचावर तयार असतं.